एकाच पाळीत वापरलेला

मी कटर बोलतोय. भाजी चिरणारा किंवा केस कापणारा नव्हे. कागदाचे गठ्ठे एका घावात कापणारा, दीड टन वजनाचा, चार पायांवर सिमेंटच्या ओट्यात पक्का रोवलेला. बोलणं हे माझं काम नाही. पण गेले काही महिने माझ्याखाली कागदाचा कपटाही आलेला नाही, आणि पोटात जे साठलंय ते शिळ्या खळीसारखं आंबायला लागलंय. बाइंडिंगच्या कारखान्यात शिळ्या खळीचा वास कसा असतो, ते ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे.

मला किळस आलीय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हा कुरकुऱ्या आहे. आहेच मी कुरकुऱ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्यानं मला शेवटचा स्क्रू पिळला, रद्दीचा एक गठ्ठा माझ्याखाली ठेवला आणि मला पहिल्यांदा चालवलं. कापलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. कड काचेसारखी गुळगुळीत होती. "गुणी आहे," तो म्हणाला. मग त्यानं माझी दोन्ही बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच माझं पातं खाली येतं. म्हणजे पातं खाली येत असताना माणसाचा एकही हात टेबलावर राहूच शकत नाही. हे त्या म्हाताऱ्यानं मला शिकवलेलं पहिलं आणि शेवटचं शहाणपण.

तिथून मी वह्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आलो. लांबट हॉल, एका टोकाला कागदाच्या रिमांची थप्पी, मध्ये शिवणारे आणि चिकटवणारे, दुसऱ्या टोकाला काचेची एक खोली. त्या काचेला लागूनच मला उभं केलं. इथे हिशेबाच्या वह्या बनायच्या. कीर्दी, खतावण्या, हजेरीबुकं, लाल कापडाच्या पाठीची जाडजूड रजिस्टरं. लोक आपले आकडे ज्यात लिहितात, ते सगळं माझ्या पात्याखालून जायचं. मला त्याचा अभिमान होता. आता आठवलं तरी लाज वाटते.

मालकानं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते बिल हातात धरून. "दहा लाख मोजलेत याला," असं म्हणून त्यानं मी कापलेल्या पहिल्याच गठ्ठ्यातून एक पट्टी उचलली, तिचं टोक पिळलं आणि दात कोरायला सुरुवात केली. कोरून झाल्यावर ती ओली पट्टी त्यानं माझ्या टेबलावर टाकली. चार वर्षं रोज जेवणानंतर त्यानं हेच केलं. त्याच्या वह्यांत माझी किंमत किती ते मी नंतर सांगेन, पण त्याच्या लेखी माझी किंमत त्या पट्टीवरून मला पहिल्याच दिवशी कळली.

मला चालवणारा मात्र वेगळा होता. त्याला सगळे इंचकाका म्हणायचे. त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक ते पहिलं पेर हे अंतर बरोबर एक इंच होतं. कुणीतरी पट्टी लावून पाहिलं होतं, केसाचाही फरक नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं की वही सात इंचांची हवी, की काका कागदावर सात वेळा अंगठा टेकवायचा आणि पेन्सिलीची रेघ मारायचा.

"काका, पट्टी घ्या की," कुणी म्हणालं तर तो म्हणायचा, "पट्टी घरी विसरू शकतो मी. अंगठा कसा विसरेन?"

सकाळी सातला तो यायचा. आधी माझ्या अंगावरची धूळ फडक्यानं पुसायचा, मग तेल घालायचा, मग रिकाम्या हवेत मला दोनदा चालवून कान देऊन ऐकायचा. माझ्या आवाजात खरखर असली तर त्याला माझ्या आधी कळायची. उरलेल्या कडांच्या पट्ट्या तो फेकू द्यायचा नाही. त्या नीट जुळवून, एका बाजूनं खळ लावून त्यांच्या हातभर लांबीच्या चोपड्या बनवायचा आणि काचेच्या खोलीतल्या हिशेबनीस बाईंना नेऊन द्यायचा.

बाई म्हणजे चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. घरी आजारी आई, कमावणाऱ्या या एकट्याच. कच्चे हिशेब त्या काकाच्या चोपड्यांवरच करायच्या. दुपारी दोघं माझ्याच टेबलाच्या कडेला डबे उघडायचे. तिथेच मी माझं भवितव्य पहिल्यांदा ऐकलं.

"बाई, तुम्ही आज सकाळी याच्याकडे बघून काय लिहीत होता?" काकानं विचारलं.

"याचा घसारा काढत होते."

"म्हणजे काय हो?"

"वापरून वापरून वस्तू झिजते ना काका. दरवर्षी थोडी किंमत उतरते. ती किती उतरली, ते वहीत लिहायचं. तो घसारा."

"आणि ते तुम्हाला कसं कळतं? याला विचारून?"

बाई हसल्या. "पद्धती असतात. एक सरळ पद्धत. याची किंमत दहा लाख. समजा, पंधरा वर्षांनी भंगारात एक लाख येईल. मधले नऊ लाख पंधरा वर्षांवर सारखे वाटायचे. दरवर्षी साठ हजार. दुसरी, घटत्या शिलकीची. दरवर्षी जी किंमत उरली असेल तिचे शंभरात पंधरा काढायचे. पहिल्या वर्षी दीड लाख जातात, पुढे पुढे कमी कमी होत जातात. नवी वस्तू आधी भराभर उतरते, म्हणून."

"आणि तुम्हाला कुठली बरोबर वाटते?"

बाईंनी घास थांबवला. "खरं सांगू? तिसरीच. जेवढे घाव घातले तेवढा घसारा. याला मोजणीचा आकडा आहे बघा बाजूला. तो वाचायचा, हिशेब करायचा. काम कमी तर घसारा कमी, काम जास्त तर जास्त."

"मग तीच करा की."

"मालक नको म्हणाले. एवढं खरं कशाला, म्हणाले."

काका मग म्हणाला, "नुसतं उभं राहिलं तरी किंमत उतरते म्हणता. मग मालकांची कशी उतरत नाही?" दोघंही तोंडावर हात ठेवून हसले, कारण काचेपलीकडे मालक बसला होता.

माझ्यासारख्या लोखंडालाही तेव्हा बरं वाटलं होतं. माझी झीज कुणीतरी मन लावून मोजणार, म्हणून.

वर्ष सरताना मालक माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काचेच्या खोलीत उकडायचं, म्हणून महत्त्वाच्या गोष्टी तो माझ्या टेबलाला टेकून बोलायचा. दात कोरणं चालूच होतं.

"बाई, बँकेला द्यायच्या कागदात याचा घसारा सरळ पद्धतीनं लावा. किंमत जाड दिसली पाहिजे, कर्ज वाढवून घ्यायचंय. आणि कर खात्याला घटत्या शिलकीनं. तिथे बारीक दिसली पाहिजे."

"दोन ठिकाणी दोन पद्धती चालतात," बाई म्हणाल्या. "त्यात गैर काही नाही."

हे मीही मान्य करतो. नियमात बसतं म्हणतात. मला त्याची नुसती ओकारी आली, एवढंच. एकाच दिवशी, एकाच जागी उभा असलेला मी, एका कागदावर धडधाकट आणि दुसऱ्या कागदावर मोडकळीला आलेला. पण खरी घाण पुढे होती.

"आणि एक," मालक म्हणाला. "यंत्र दोन पाळ्यांत चालत असेल तर कर खातं दीडपट घसारा देतं. तसं लिहा. दोन पाळ्यांत वापर."

"चालतंच की ते दोन पाळ्यांत," बाई म्हणाल्या. "काका सकाळी सात ते तीन असतात, मग तीन ते आठ."

"तेच म्हणतोय. लिहा तसं. फक्त हजेरीबुकात एकच पाळी राहू दे. दुसरी दाखवली तर जादा पगार आला, जादा माणूस आला, सतरा फॉर्म आले. काकाला मी चहापाण्याचे देतो वरच्यावर."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मान खाली घालून त्यांनी लिहिलं. शंभरात पंधराचे साडेबावीस झाले. मालकानं सही ठोकली. माझ्या पात्याखालून गेलेल्या कागदावरच ती सही होती, कड अगदी सरळ कापलेली. मी कापलेल्या कागदावर कुणी खोटं लिहिलं तर त्यात माझा काय दोष, असं मी स्वतःला समजावलं. माणसांच्या सहवासात राहून मीही हात झटकायला शिकलो होतो.

खरं तर त्या कागदावर खोटं नव्हतंच. दोन पाळ्या हे खरं होतं. खोटं हजेरीबुकात होतं. तेही मीच कापलेलं.

अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत बँकेच्या कागदावर मी सात लाख साठ हजारांचा होतो आणि कर खात्याच्या कागदावर तीन लाख साठ हजारांचा. मला बघायला दोघांपैकी कुणीच आलं नाही. काकाचं सकाळचं तेल तेवढं चालू होतं. तो मात्र झिजलेला दिसायचा. दुपारी तीन वाजता घंटा व्हायची, बाकीचे हात धुऊन घरी जायचे, आणि काका तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा माझ्यासमोर उभा राहायचा.

मग शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने आले. मागणी तुंबली. मालक एक दिवस घड्याळ घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि काकाचा एक एक घाव मोजायला लागला.

"काका, दोन्ही हात बटणावर कशाला? वेळ जातो. एका हातानं गठ्ठा सरकवा, एका हातानं बटण दाबा."

"तसं हे चालत नाही मालक. दोन्ही दाबावी लागतात. त्याचं कारण आहे."

"कारण मला शिकवू नका."

मालकानं रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, दुमडला, पुन्हा दुमडला, थुंकी लावून दाबला आणि माझ्या उजव्या बटणाच्या खाचेत ठोकून बसवला. बटण आत गेलं ते आतच राहिलं. थुंकीनं भिजलेला तो पुठ्ठा माझ्या अंगात बसला. त्या क्षणी मला जी शिसारी आली, तिला माझ्याकडे शब्द नाही. त्या म्हाताऱ्या जुळाऱ्यानं दिलेलं माझं एकुलतं एक शहाणपण या माणसानं थुंकी लावून बंद केलं.

संध्याकाळी जाताना काकानं तो पुठ्ठा उपसून काढला. सकाळी मालकानं पुन्हा बसवला. काकानं पुन्हा काढला. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी काकानं काढला नाही. माणसांची ही सवय मला सगळ्यात घाणेरडी वाटते. ती चुकीच्या गोष्टीशी भांडतात, थकतात आणि मग तिच्याबरोबर राहायला लागतात. पण काकाला मी काय बोलणार? तो तेरा तास उभा असायचा.

तो दिवस सांगायलाच हवा.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. बाहेर उजेड होता, पण आत माझ्या डोक्यावरचा दिवा बंद होता, कारण हजेरीबुकाप्रमाणे त्या वेळी इथे कुणीच नव्हतं. काकानं खतावण्यांचा गठ्ठा ठेवला, डावा हात डाव्या बटणावर नेला. गठ्ठ्याची एक कड जराशी सरकली. उजवा हात तिला नीट करायला पुढे गेला. चाळीस वर्षांची सवय होती त्या हाताला, वाकडी कड दिसली की सरळ करायची. डाव्या हातानं बटण दाबलं गेलं.

मी थांबलो नाही. मला थांबवणारं बटण आधीच दाबलेलं होतं. कागद आणि हाड यांतला फरक पात्याला कळत नाही. मला कळला, पण तोवर उशीर झाला होता.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट.

काकाचा आवाज मी सांगणार नाही. शिलाईची बाई काहीतरी विसरली म्हणून परत आली होती, ती ओरडली, आणि मालक धावत आला. त्यानं गाडी बोलावली, हे खरं. हाताला फडकं बांधलं, हेही खरं. पण गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तो परत आला आणि आधी गठ्ठा उलटून पाहिला. "सगळ्याच वाया गेल्या का?" असं स्वतःशीच पुटपुटला. मग त्यानं माझ्या उजव्या बटणातून तो पुठ्ठा ओढून काढला, खिशात टाकला आणि बटणावरून रुमाल फिरवला. स्वच्छ पुसलं. चार वर्षांत त्यानं मला पुसलेलं ते एकदाच.

दुसऱ्या दिवशी मला पाण्यानं धुतलं. काही ठिकाणी पाणी पोचत नाही. पात्यामागच्या खोबणीत रक्त राहिलं, सुकलं. अजून आहे.

तीन आठवड्यांनी काकी आली. काकाची बायको. तिला मी पूर्वी पाहिलं नव्हतं, पण डब्याच्या कापडावरून ओळखलं, तसंच कापड तिच्या पिशवीला होतं. मालक माझ्याजवळच उभा होता.

"मालक, भरपाईचं कसं करायचं? दवाखान्याचं बिल आलंय."

"भरपाई?" मालकानं कानावर हात ठेवले. "काकी, मला दुःख आहे हो. पण आपली पाळी तीनला सुटते. हजेरीबुक बघा, लिहिलंय. साडेसहाला ते इथे काय करत होते, मला काय माहीत? बाहेरची कामं आणून करत असतील गुपचूप. मी पोलिसांत गेलो नाही, हे माझं सौजन्य समजा."

काकीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"चोरून काम करत होते म्हणता?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत." तिचा आवाज चढला नाही, उतरला. "चार वर्षं ते रात्रीचं जेवण गार खातात. घरी पोचतात तेव्हा मी झोपेला आलेली असते. आता अंगठा नाही तर सदऱ्याची बटणं मी लावते. माझ्याकडे बघत नाहीत लावताना. पैसे देऊ नका हवं तर. पण चोर म्हणू नका. त्यांच्या कानावर गेलं तर ते जेवायचे थांबतील."

मालक खिशातून पट्टी काढून दात कोरायला लागला.

काचेपलीकडे हिशेबनीस बाई बसल्या होत्या. त्यांची पेन्सिल थांबली होती. काकी गेल्यावर त्या उठल्या, कपाटाजवळ गेल्या, लाल पाठीचं एक रजिस्टर काढलं, उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचत राहिल्या. पुन्हा ठेवून दिलं. पुन्हा काढलं. घरी आजारी आई आहे, हे त्या रजिस्टरात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्या तेही वाचत असाव्यात.

पुढच्या आठवड्यात कामगार खात्याचा तपासनीस आला. उंच, घामाघूम, कामाला कंटाळलेला माणूस. काकीनं अर्ज केला होता. त्यानं माझ्या टेबलावर कागद पसरले. मालकानं हजेरीबुक पुढे केलं.

"एकच पाळी. सात ते तीन. बघा, चार वर्षांची हजेरी आहे."

तपासनीसानं पानं चाळली, मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात काचेचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या. हातात ते लाल पाठीचं रजिस्टर होतं आणि त्यातला एक कागद वेगळा काढलेला होता.

"साहेब, हेही बघा."

"बाई," मालक म्हणाला, "आत जा. तुमचं काम नाही इथे."

"माझंच आहे. मीच लिहिलंय." कागद त्यांनी माझ्या टेबलावर नीट, कडेला कड लावून ठेवला. काका ठेवायचा तसा. "हा या यंत्राचा घसारा. कर खात्याला दिलेला. चारही वर्षं. इथे लिहिलंय, दोन पाळ्यांत वापर. म्हणून दीडपट. खाली मालकांची सही. चार सह्या."

तपासनीसाचा कंटाळा पळाला. त्यानं एक बोट हजेरीबुकावर ठेवलं, एक या कागदावर.

"इथे एक पाळी. इथे दोन."

"अहो, ते कागदापुरतं असतं," मालक हसायला गेला. "घसारा जास्त मिळावा म्हणून सगळेच लिहितात. चालत नव्हतं हो दोन पाळ्यांत."

"असं? मग मी कर खात्याला तसं कळवतो. चार वर्षं खोटा घसारा घेतला म्हणून."

मालकाचं हसू जागच्या जागी थांबलं.

"दोन्हीपैकी एक खरं असणार ना?" तपासनीस म्हणाला. "सांगा कुठलं ते. मला घाई नाही."

आणि मग जे घडलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मालकानं इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टेबलावर पडलेली काकाची चोपडी ओढली, बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. आम्हा सगळ्यांसमोर. एका बाजूला चार वर्षांचा कर, त्यावरचं व्याज, त्यावरचा दंड. दुसऱ्या बाजूला एक अंगठा, एक बोट, चार वर्षांचा जादा पगार. दोन्हीकडे बेरीज केली. बेरीज पुन्हा तपासली. एका ठिकाणी हातचा विसरला होता, तो घेतला.

मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "हो. दुसरी पाळी होती. काका कामावरच होते."

म्हणजे खरं बाहेर आलं, कारण ते स्वस्त पडत होतं. पारडं दुसरीकडे झुकलं असतं तर काका चोर ठरला असता, त्याच चोपडीवर, त्याच पेन्सिलीनं. मी चार वर्षं या माणसाचे कागद सरळ कापत होतो. माझ्या पात्याला गंज चढला असता तर बरं, असं मला वाटलं.

बाईंनी त्याच दिवशी आपला पेन्सिलींचा डबा उचलला. मालकानं त्यांना जा म्हणायच्या आधीच. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "चार वर्षं मीच लिहीत होते रे," एवढंच म्हणाल्या. मग चोपडीचं ते हिशेबाचं पान फाडून त्यांनी पिशवीत घातलं आणि गेल्या. आता कुठे नोकरी करतात, मला माहीत नाही.

काकाला पैसे मिळाले. माफी कुणी मागितली नाही.

माझ्यापुढे कुणी उभं राहायला तयार होईना, म्हणून मालकानं मला विकायला काढलं. मला हिरवा रंग फासला, खोबणीतल्या त्या सुकलेल्यावरूनही. मोजणीचा आकडा मागे फिरवून अर्ध्यावर आणला. आणि फाटकावर पाटी लागली. कागद कापायचा कटर विकणे आहे, उत्तम स्थितीत, एकाच पाळीत वापरलेला. बँकेला एक, कर खात्याला एक, आणि गिऱ्हाइकाला हा तिसरा मी. किंमत सांगितली आठ लाख. चार वर्षं झिजून मी बँकेच्या कागदापेक्षाही महाग झालो होतो.

एक तरुण बाई बघायला आली. लग्नपत्रिका आणि कार्डं छापायची तिची छोटी जागा होती, कटर ती स्वतःच चालवणार होती. तिनं बाह्या वर सारल्या होत्या. दहाही बोटांना शाई लागली होती. ती बोटं बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण मला एक गोष्ट माहीत होती. पुठ्ठा ठोकून ठोकून माझ्या उजव्या बटणाची स्प्रिंग मेली होती. मालकानं बटणावर रंग दिला होता, स्प्रिंग बदलली नव्हती. एकदा दाबलं की ते आतच अडकायचं.

"चालवून दाखवा," ती म्हणाली.

त्या दिवसापुरता बाहेरून आणलेला एक माणूस होता, त्याला जमेना. मालकानं काय करावं? त्यानं काकाला बोलावणं पाठवलं. अर्ध्या दिवसाची मजुरी देतो म्हणून. मला वाटलं, काका येणार नाही. काका आला. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली, उजवा हात खिशात.

त्यानं डाव्या हातानं फडकं घेतलं आणि आधी मला पुसलं. मग माझं उजवं बटण दाबून पाहिलं. ते आत गेलं आणि बाहेर आलं नाही. काकानं ते नखानं ओढून बाहेर काढलं. पुन्हा दाबलं. पुन्हा अडकलं.

"काका, हा खरंच एकाच पाळीत वापरलाय?" तिनं सहज विचारलं.

मालक खाकरला. "सांगा की काका. पहिल्या पाळीत कधी काही तक्रार आली?"

"नाही," काका म्हणाला. "पहिल्या पाळीत काही झालं नाही."

मग त्यानं खिशातून उजवा हात काढला आणि माझ्या टेबलावर, पात्याच्या बरोबर खाली, पालथा ठेवला. अंगठ्याच्या जागी नुसता गुलाबी बुंधा, त्याच्या शेजारी दुसरा.

"हे दुसऱ्या पाळीतलं," तो म्हणाला.

तिनं त्या हाताकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि आपल्या वर सारलेल्या बाह्या हळूहळू मनगटापर्यंत खाली ओढल्या. मालकाकडे न बघता ती निघून गेली. काकानं अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली नाही. मालकानं दिलीही नाही.

पाटी आता उतरवलीय. उद्या भंगारवाला येतोय. तो एक लाख देणार, सरळ पद्धतीत बाईंनी धरला होता तेवढाच. उरलेला तोटा म्हणून मालक वहीत लिहील आणि त्यावरही कर वाचवील, हे त्याचं नव्या हिशेबनिसाशी सकाळीच बोलणं झालंय. दात कोरत.

मला जायचंय. पण भंगारवाल्या दादा, तुला एक सांगतो. मला जसाच्या तसा कुणाला विकू नकोस, दोन पैसे जास्त आले तरी. रंग चांगला दिसतो, त्याला भुलू नकोस. आधी माझं पातं मोड. मग पेटव भट्टी. माझ्या बिजागऱ्या कर, खिळे कर, कढया कर, काय हवं ते कर. आणि माझ्यातलं थोडं लोखंड उरलं तर त्याची एक साधी पट्टी बनव, बारा इंचांची, आणि काकाच्या घरी नेऊन दे. त्याला आता मोजायला लागेल.